स्नॅपशॉट डिलीट करायचा की रिव्हर्ट? पायथन स्क्रिप्ट लिहायच्या आधी वाचा

डिलीट म्हटलं की पोटात गोळा येतो आणि रिव्हर्ट म्हटलं की वाटतं, जरा मागे जाऊन येऊ, त्यात काय. व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, त्यातल्या स्नॅपशॉटच्या बाबतीत नेमकं उलटं आहे राव, आणि हा घोळ मी चांगल्या अनुभवी लोकांचा झालेला बघितलाय.

स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची अवस्था धरून ठेवणं. तो घेतला की व्हीएमची मूळ डिस्क फाइल तिथेच गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमधे जातं. दुकानातली पक्की वही बाजूला ठेवून आजपासून कच्च्या वहीत लिहायचं, तसं. आता डिलीट म्हणजे कच्च्या नोंदी पक्क्या वहीत उतरवून घेणं, म्हणजे चालू व्हीएमचा डेटा कुठेही जात नाही, जातो तो फक्त मागे फिरायचा रस्ता. रिव्हर्ट म्हणजे कच्ची वही फाडून टाकणं. स्नॅपशॉटनंतर डेटाबेसमधे जे काही आलं ते गेलं, आणि आधी दुसरा स्नॅपशॉट घेतला नसेल तर परत मिळत नाही.

गंमत म्हणजे वेळ पण उलटा लागतो. रिव्हर्ट बहुतेक वेळा काही सेकंदात उरकतं कारण फेकूनच द्यायचंय, आणि डिलीटला डेल्टा मोठी असेल तर तासन् तास, ९९ टक्क्यांवर अडकून बसतं आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, मधेच काही बंद-चालू करू नका, चहा घ्या.

या भीतीपोटीच लोक डिलीट करत नाहीत. माझ्या एका जुन्या नोकरीत पॅचिंगच्या (अपडेट टाकायच्या) आधी घेतलेला स्नॅपशॉट आठ महिने तसाच होता, कोणी हात लावायला तयार नाही, शेवटी डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवायची सामायिक जागा) भरला आणि व्हीएम थांबली. व्हीएमवेअर स्वतः सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण दोन-तीनच्या पुढे जाऊच नये.

आता पायथन. पायव्हीमोमी, म्हणजे व्हीएमवेअरला पायथनमधून हुकूम द्यायची लायब्ररी, तिच्यात स्नॅपशॉट ऑब्जेक्टवर दोन मेथड शेजारी शेजारी दिसतात, रिमूव्हस्नॅपशॉट_टास्क (म्हणजे आपलं डिलीट) आणि रिव्हर्टटूस्नॅपशॉट_टास्क, दोन्ही आर ने सुरू, आणि ऑटोकंप्लीटवर विसंबलात तर एका एंटरमधे सोमवारची सकाळ खराब. मी साफसफाईच्या स्क्रिप्टमधे रिव्हर्ट ठेवतच नाही, त्याची वेगळी फाइल, त्यात व्हीएमचं नाव हाताने टाइप करायला लावतो. रिमूव्हमधे रिमूव्हचिल्ड्रन हा पर्याय फॉल्सच ठेवा. ट्रू केलंत तर त्याच्या खालचे, म्हणजे त्यावरून पुढे घेतलेले सगळे स्नॅपशॉट जातात, आणि त्यातली एखादी फांदी चालू व्हीएमच्या वाटेवर नसेल तर तिचा डेटा खरंच जातो, म्हणजे डिलीट निरुपद्रवी हे तिथे लागू नाही. नावावरून शोधू नका, एकाच व्हीएमवर एकाच नावाचे दोन स्नॅपशॉट असू शकतात.

जुने स्नॅपशॉट शोधताना क्रिएटटाइम (तो कधी घेतला ती वेळ) बघायचा, पण तो टाइमझोनसकट येतो, साध्या डेटटाइम नाऊ मधून वजा केलात तर टाइपएरर. नाऊला यूटीसी द्या. स्नॅपशॉटच नसेल तर व्हीएम डॉट स्नॅपशॉट नन (पायथनचं 'काहीच नाही') येतो, पहिल्या रनला निम्मे लोक इथेच आपटतात. आणि रिमूव्ह, रिव्हर्ट दोन्ही मेथड फक्त टास्क (मागे चालणाऱ्या कामाची पावती) हातात देऊन मोकळ्या होतात, वेटफॉरटास्क लावला नाही तर स्क्रिप्ट झालं म्हणून सांगते आणि मागे मर्ज (डेल्टा मूळ डिस्कमधे उतरवणं) चालूच असतो. एकाच डेटास्टोअरवरचे वीस डिलीट एकदम सोडू नका, एकेक करा.

रिव्हर्ट करायचाच असेल तर स्नॅपशॉट मेमरीसकट घेतला होता का ते बघा, नसेल तर रिव्हर्टनंतर व्हीएम बंद अवस्थेत येते आणि मग लोक नेटवर्क तपासत बसतात. विंडोज मशीन डोमेनमधे (कंपनीच्या केंद्रीय लॉगिन व्यवस्थेत) असेल आणि स्नॅपशॉट महिन्याभरापूर्वीचा असेल तर ट्रस्ट (मशीन आणि डोमेनमधली ओळख) तुटायची शक्यता धरून चला, कारण मशीन अकाउंटचा पासवर्ड बाय डीफॉल्ट ३० दिवसांनी बदलतो. आणि हो, रिव्हर्ट केल्यावरही स्नॅपशॉट तिथेच असतो, डेल्टा पुन्हा फुगायला लागते. तो डिलीट करायचं काम राहतंच.