लष्करी प्रबोधिन्यांचे मानांकन

सैन्यदलांसाठी अधिकारी घडवणाऱ्या आणि सोबत पदवीही देणाऱ्या संस्थांना महाविद्यालयांच्या क्रमवारीत कोठे बसवावे, हा उच्च शिक्षणाच्या मूल्यमापनातील एक न सुटलेला प्रश्न. तो मुख्यतः अमेरिकेचा आहे. तेथे केंद्र सरकारच्या अशा पाच प्रबोधिन्या आहेत : वेस्ट पॉइंट (भूसेना, १८०२), ॲनापोलिस (नौसेना, १८४५), न्यू लंडन (तटरक्षक दल, १८७६), किंग्ज पॉइंट (व्यापारी नौकानयन, १९४३) आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज (वायुसेना, १९५४).

क्रमवारीचा आरंभ कोणापासून मानावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक १९०० मध्ये ॲलिक मॅक्लीन याने इंग्लंडमधील नामवंत पुरुषांच्या शिक्षणस्थळांची जी पाहणी केली तिच्याकडे बोट दाखवतात. काही जण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल याने १९१० च्या सुमारास मांडलेल्या, कोणत्या संस्थेत किती नामवंत वैज्ञानिक आहेत यावर आधारलेल्या कोष्टकाला पहिला मान देतात. केनड्रिक बॅबकॉक याने १९११ मध्ये ३४४ संस्थांची चार वर्गांत केलेली विभागणी सरकारी पातळीवरची होती. परंतु संस्थांच्या विरोधामुळे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी तिचे प्रकाशन थांबवले. रेमंड ह्यूज याची १९२५ ची पाहणी मात्र निराळ्या जातीची. तिने समव्यावसायिकांचे मत विचारले, आणि तेही पदव्युत्तर विभागांबद्दल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हाच फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वावर मोजणी केली तर ग्रँट, ली, आयझेनहॉवर या सेनापतींची वेस्ट पॉइंट वर चढते. पदव्युत्तर विभागांच्या लौकिकावर केली तर ती यादीतच येत नाही. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक वाद या दोन मोजपट्ट्यांतून निघालेले दिसतात.

‘यू. एस. न्यूज’ या अमेरिकन नियतकालिकाने १९८३ मध्ये महाविद्यालयांची क्रमवारी सुरू केली. प्रबोधिन्या दीर्घकाळ तिच्या क्रमांकाबाहेर होत्या. ॲनापोलिस व वेस्ट पॉइंट यांना क्रमांक मिळू लागला तो साधारणतः २००७ पासून. अमेरिकेतील उच्च शिक्षणसंस्थांच्या कार्नेगी वर्गीकरणाच्या आधाराने त्यांची गणना उदार-कला महाविद्यालयांत (मानव्यविद्या व मूलभूत शास्त्रे यांचे व्यापक पदवीशिक्षण देणाऱ्या संस्थांत) झाली, कारण तेथे भर पदवीपूर्व शिक्षणावर आहे. हे वर्गीकरण तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण वाचकाला चकवणारे आहे. या दोन्ही संस्थांत इतिहास किंवा इंग्रजी हा मुख्य विषय घेणाऱ्यालाही विज्ञानाचीच पदवी मिळते, कारण गणित, भौतिकी व अभियांत्रिकी यांचा पाया सर्वांना सक्तीचा असतो. डॉक्टरेट न देणाऱ्या अभियांत्रिकी संस्थांच्या वेगळ्या यादीत प्रबोधिन्या वरच्या स्थानी असतात; ती तुलना अधिक समानधर्मी म्हणावी लागेल. तटरक्षक प्रबोधिनीची गणना प्रादेशिक महाविद्यालयांच्या वेगळ्या यादीत होत आली. त्यामुळे पूर्वीच्या याद्यांतील तिचा पहिला क्रमांक आणि वेस्ट पॉइंटचा त्या वेळचा विसाव्याच्या आसपासचा क्रमांक यांची परस्पर तुलना करता येत नाही, तरी ती सर्रास केली जाते.

‘फोर्ब्स’ नियतकालिकाच्या २००९ च्या यादीत वेस्ट पॉइंट देशात पहिली आली, प्रिन्स्टन व हार्वर्ड यांच्याही पुढे, वायुसेना प्रबोधिनी सातवी होती. विद्यार्थ्यावरील कर्ज हा या यादीचा एक निकष होता. या दोन्ही प्रबोधिन्यांत शिक्षणशुल्क नसते, उलट कॅडेटला वेतन मिळते. त्यामुळे कर्जाच्या रकान्यात संस्थेला पूर्ण लाभ होतो. मात्र पदवीनंतर किमान पाच वर्षे सक्रिय सेवेचे बंधन असते आणि त्याला कोणत्याही कोष्टकात रकाना नाही. वयाच्या विशीत दिलेली ही पाच वर्षे, प्रसंगी युद्धभूमीवरची, शून्य खर्च म्हणून नोंदवणे न्याय्य वाटत नाही.

प्रवेशाचे प्रमाण हा दुसरा नाजूक निकष. तटरक्षक प्रबोधिनी वगळता अन्यत्र काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) सदस्यासारख्या अधिकृत व्यक्तीचे नामनिर्देशन लागते; उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि वैद्यकीय व शारीरिक चाचण्या निराळ्याच. अर्धवट भरलेला अर्ज मोजायचा की नाही यावर टक्केवारी बदलते, आणि यावरून वादही झाले आहेत. पदवीधरांच्या उत्पन्नाचा निकष तर जवळजवळ निरर्थक ठरतो. नवा सेकंड लेफ्टनंट वेस्ट पॉइंटचा असो वा नागरी विद्यापीठातील आरओटीसीचा (राखीव अधिकारी प्रशिक्षण योजनेचा), मूळ वेतन एकच. म्हणजे तो आकडा वेतनश्रेणीचा असतो, संस्थेच्या गुणवत्तेचा नव्हे.

‘वॉशिंग्टन मंथली’ या नियतकालिकाने २००५ पासून समाजसेवेला महत्त्व देणारी यादी काढली, आरओटीसीतील सहभागही त्यात मोजला, परंतु पाचही प्रबोधिन्या त्यांच्या विशिष्ट उद्दिष्टामुळे वगळल्या. तुलना शक्य नसेल तेथे ती न करण्याची ही भूमिका प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेबाहेर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ब्रिटनच्या सँडहर्स्टमधील ४४ आठवड्यांचा अभ्यासक्रम पदवीचा नाही. तेथे येणारे बहुतेक आधीच पदवीधर असतात. फ्रान्सची एकोल पॉलितेक्निक (१७९४) संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असूनही जागतिक याद्यांत येते, पण ती प्रामुख्याने अभियंते व वैज्ञानिक घडवते. भारतात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील कॅडेटला तीन वर्षांअखेर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय मानांकनात ही प्रबोधिनी स्वतंत्र संस्था म्हणून दिसत नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र नियतकालिकांच्या याद्यांत नागरी वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर मोजले जाते.