केंद्रकावरणाचा आकार आणि प्रथिने

केंद्रकावरण हे दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशीतील जनुकीय द्रव्याभोवतीचे दुहेरी आवरण होय. त्याचे बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेशी (पेशीद्रवातील पटलांच्या जाळ्याशी) सलग असते, आतले पटल क्रोमॅटिनला (डीएनए व प्रथिनांच्या गुंत्याला) लागून असते आणि दोहोंमध्ये सुमारे ३० ते ५० नॅनोमीटर रुंदीची पोकळी राहते. पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर; तो प्रवाही असल्याने त्याला स्वतःचा ठाम आकार नसतो. केंद्रक गोल, लांबट की खंडयुक्त दिसणार हे मुख्यतः पटलात रुतलेली आणि त्याला आतून-बाहेरून धरून ठेवणारी प्रथिने ठरवतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीत केंद्रक वाटोळेच काढण्याची प्रथा असल्यामुळे ही बाब सहसा नजरेआड राहते.

पटलाला सर्वांत तीव्र वळण केंद्रकरंध्रांच्या (आवरणातील आरपार छिद्रांच्या) कडेला मिळते, कारण तेथे बाहेरचे पटल वळून आतल्या पटलात मिसळते. ही रंध्रे कॅलन आणि टॉमलिन यांनी १९५० मध्ये उभयचरांच्या अंडपेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली. प्रत्येक रंध्र न्यूक्लिओपोरिन नावाच्या सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचे बनलेले असून त्याची मांडणी अष्टकोनी असते. यांतील न्यूप १३३ या प्रथिनात एका अंगाने जलस्नेही व दुसऱ्या अंगाने मेदस्नेही अशी सर्पिल पट्टी असते. वळलेल्या पटलात मेदरेणूंची मांडणी विरळ झालेली असते, तेथे ही पट्टी जाऊन बसते.

आतल्या पटलाखाली लॅमिन प्रथिनांच्या तंतूंचे, बाजेच्या विणीसारखे, जाळे असते. लॅमिन ए हाडे व स्नायू अशा ताण सोसणाऱ्या ऊतींत जास्त, तर मेंदूत कमी आढळते. याचा उलट टोकाचा नमुना रक्तात दिसतो. अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी स्वतःच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर पसरून, लीशमन रंग देऊन, तेलभिंगाखाली पांढऱ्या पेशी मोजतो, तेव्हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचे जांभळे केंद्रक त्याला तीन ते पाच खंडांचे आणि खंडांमधील बारीक धाग्यांनी जोडलेले दिसते. ही पेशी परिपक्व होताना लॅमिन ए फार कमी होते आणि आतल्या पटलातील लॅमिन बी ग्राही हे प्रथिन वाढते. परिणामी केंद्रक इतके लवचीक होते की पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतील फटींतून निसटू शकते. या ग्राहीच्या दोन जनुकप्रतींपैकी एक सदोष असल्यास केंद्रक दोनच खंडांचे राहते. डच वैद्य पेल्गर यांनी १९२८ मध्ये नोंदलेली ही पेल्गर-ह्युएट विसंगती तशी निरुपद्रवी असते. मात्र अशा पेशी अपरिपक्व समजल्या गेल्या तर नसलेल्या जंतुसंसर्गाचा शोध सुरू होतो, म्हणून मोजणी करणाऱ्याला ती ठाऊक असणे गरजेचे आहे.

लॅमिन ए बिघडल्यास परिणाम गंभीर होतात. अकाली वार्धक्याच्या प्रोजेरिया विकारात, २००३ मध्ये उघड झाल्याप्रमाणे, या प्रथिनाचा ५० अमिनो आम्लांचा तुकडा गळतो, त्याला जोडलेली मेदशेपटी (एरवी कापली जाणारी मेदाची साखळी) कायम राहते व केंद्रकाचा काठ वेडावाकडा होतो.

केंद्रकाला बाहेरून ओढणारी प्रथिनेही आहेत. आतल्या पटलातील सन आणि बाहेरच्या पटलातील नेस्प्रिन ही प्रथिने मधल्या पोकळीत एकमेकांत गुंततात आणि पेशी सांगाड्याचा ताण लॅमिनच्या जाळ्यापर्यंत पोहोचवतात. दोन पटलांमधील अंतरही हीच जोडी ठरवते, असे पूर्वी सरसकट मानले जाई. सूत्रकृमीवरील अभ्यासात मात्र ही जोडी नसताना स्नायूंसारख्या ताणाखालील पेशींतच हे अंतर बिघडलेले दिसले.

प्राणिपेशी विभागताना लॅमिनवर फॉस्फेट गट चढतात, जाळे सुटते आणि पटल आंतर्द्रव्यजालिकेत मिसळते. पुढे नवे आवरण गुणसूत्रांभोवती जमते, तेव्हा तर्कुतंतूंमुळे (गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंमुळे) राहिलेली भोके एस्कॉर्ट-तीन ही प्रथिनमालिका आवळून बुजवते.

अकरावीच्या प्रयोगात कांद्याच्या पापुद्र्यात दिसणाऱ्या केंद्रकाला यांतील बरेच लागू पडत नाही. वनस्पतींत लॅमिन नसते. त्याचे काम बऱ्याच अंशी क्राउन (CRWN) गटातील प्रथिने करतात आणि ती काढून टाकल्यास केंद्रक लहान व अधिक गोल होते.