चांदीची झीज आणि इतिहासाचा कालक्रम

प्राचीन भारतातील आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या, नाण्यांवर राजाचे नाव नसते आणि वर्षही नसते. सुमारे ३२ रत्ती, म्हणजे जवळपास साडेतीन ग्रॅम वजनाच्या या चांदीच्या तुकड्यांच्या दर्शनी बाजूवर सूर्य, चक्र, हत्ती, कमानींची टेकडी अशा चिन्हांचे बहुधा पाच ठसे असतात, तर मागील बाजूस कमीअधिक संख्येने लहान ठसे आढळतात. नाणेशास्त्राच्या अभ्यासकांचा बराच वेळ या चिन्हांचे अर्थ लावण्यात गेला. कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, या मूळ प्रश्नाला मात्र त्यातून खात्रीचे उत्तर मिळत नव्हते. गोव्यात जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये शिकलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना या प्रश्नाकडे वळले, ते संख्याशास्त्र आत्मसात करण्यासाठी एखादा प्रत्यक्षातला प्रश्न हवा होता म्हणून. चिन्हांपेक्षा त्यांनी वजनाला महत्त्व दिले.

त्यांचा तर्क असा होता. टांकसाळीतून बाहेर पडताना नाण्यांची वजने ठरावीक प्रमाणाच्या आसपास असतात. नाणे हातोहाती फिरू लागले की प्रत्येक व्यवहारात धातूचा अतिसूक्ष्म अंश झिजतो. ही झीज प्रत्येक नाण्याच्या वाट्याला सारखी येत नाही, कारण एखादे नाणे रोज बाजारात फिरते, तर दुसरे वर्षानुवर्षे गाठोड्यात पडून राहते. त्यामुळे एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या गटाचे सरासरी वजन काळाच्या प्रमाणात घटत जाते आणि त्याच वेळी त्यांच्या वजनांमधील फैलाव वाढत जातो. एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. मोठ्या गटाच्या सरासरीवरून मात्र बरेच सांगता येते.

कोसंबी एवढ्यावर थांबले नाहीत, आणि त्यांच्या कामाचे खरे मोल मला इथेच दिसते. गणितातील सूत्र उचलून इतिहासावर चिकटवणे सोपे असते. ते सूत्र ज्या गृहीतकावर उभे आहे ते त्या विषयात खरे ठरते का, हे तपासण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. कोसंबींनी आपल्या काळातील चलनी नाणी जमवून त्यांची वजने केली. या नाण्यांवर वर्ष छापलेले असल्यामुळे ती किती काळ चलनात होती हे माहीत होते, आणि म्हणून झिजेचा नियम उत्तर ठाऊक असलेल्या उदाहरणावर पडताळून पाहता आला. चलनामुळे नाण्यांच्या वजनावर होणाऱ्या परिणामाविषयीचा त्यांचा लेख १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

प्राचीन नाण्यांसाठी उत्तम सामग्री तक्षशिलेला मिळाली होती. तेथील भीर टेकाडावर १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची दोन व त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक, अशी जवळपास न झिजलेली ग्रीक नाणीही होती. त्यावरून हा साठा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा असे दिसते. साठ्यातील सर्व नाणी एकदमच चलनातून बाहेर पडलेली असतात. म्हणून ज्या गटाची सरासरी झीज अधिक, तो गट सामान्यतः जुना. मागील बाजूच्या ठशांच्या संख्येनुसार नाणी वेगळी केली तेव्हा ठसे वाढतात तसे सरासरी वजन उतरत जाते, असेही कोसंबींना आढळले. हे ठसे नाणी वेळोवेळी पारखून घेणाऱ्यांनी मारले असावेत, या अनुमानाला त्यामुळे बळकटी मिळाली.

नाणी कोणी पाडली हे शोधताना कोसंबी संस्कृत ग्रंथांकडे वळले. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भर्तृहरीच्या नावावर खपणाऱ्या साडेआठशेच्या आसपास श्लोकांपैकी जवळपास सर्व परंपरांत आढळणारे सुमारे २०० त्यांनी वेगळे काढले. मधल्या काळात, १९४४ च्या सुमारास, गुणसूत्रांवरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्रही त्यांनी मांडले होते. कोसंबींच्या नावाने ओळखले जाणारे ते सूत्र जनुकीय नकाशे तयार करणारे संशोधक आजही वापरतात, आणि त्यांतील अनेकांना हा माणूस भारताचा इतिहासकार होता याची कल्पना नसते.

नाण्यांच्या गटांचा क्रम ठरवणे आणि प्रत्येक गटाला विशिष्ट राजा जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला वजनांचा भक्कम आधार आहे. दुसरीसाठी पुराणांतील वंशावळी आणि चिन्हांचा अर्थ यांवर अवलंबून राहावे लागते, आणि तिथे कोसंबींचे निष्कर्ष वादातीत राहिले नाहीत. पद्धतीलाही मर्यादा आहेत. साठा अखंड आणि पुरेसा मोठा असावा लागतो. तो विक्रेत्यांच्या हाती पडून विखुरला की कोणती नाणी एकत्र पुरली होती हेच कळेनासे होते. नाणी चकाकावीत म्हणून आम्लाने धुतली, तर त्या धुण्यात धातूही जातो आणि उरलेल्या वजनावरून चलनातली झीज वेगळी काढता येत नाही.