दोन ग्राफिक्स कार्डं, पण बेरीज कशाची?

जुलैच्या पावसात बेळगावच्या टिळकवाडीत भाच्याच्या डेस्कटॉपमध्ये आम्ही दोघांनी दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं. 12 जीबी मेमरीचं आरटीएक्स 3060 कार्ड आधीचं होतंच, तसलंच आणखी एक मिळालं. स्लॉटमध्ये दाबलं, खटका टक्‌कन बसला, स्क्रू आवळले. संध्याकाळी भाचा हिरमुसून म्हणाला, "मामा, गेम तेवढीच पळतीया की!"

एकच गेम दोन कार्डांत वाटायची रीत आता जवळपास मोडली आहे. 1998 मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू 2 कार्डांची जोडी पडद्यावरच्या ओळी आलटून पालटून काढायची, त्या रीतीला एसएलआय म्हणत. 2004 मध्ये एनव्हिडिया कंपनीने एसएलआय हेच नाव पुन्हा आणलं, त्यात बहुधा एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक अख्खं चित्र, पहिलं कार्ड काढी, पुढची दुसरं. सेकंदाला किती फ्रेम निघतात तो आकडा वाढायचा, पण दोन फ्रेममधलं अंतर कमीजास्त झालं की चित्र अडखळायचं. हल्लीच्या गेमना तर पुढची फ्रेम काढताना मागच्या फ्रेममधली माहिती लागते, मग दुसरं कार्ड नुसतं वाट बघतं. 3060 ला दोन कार्डं जोडायचा पूल लावायची सोयही नाही.

मग पैसे पाण्यात गेले का? नाही. भाचा उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी हायड्रॉलिक पंपांची चलचित्रं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. त्याच्या प्रेफरन्सेसमधल्या सिस्टीम पानावर दोन्ही कार्डांसमोर खूण केली आणि तेच रेंडर, म्हणजे दृश्यावरून तयार चित्रं काढायचं काम, जवळपास निम्म्या वेळात उतरलं. इथं काम सुटं होतं, तुकडे करून दोघांत वाटता येणारं. दोन लेथवर एकच पार्ट काढायचा तर ड्रॉइंगची प्रत दोन्ही कारागिरांना लागते, तसंच हे. पंपाचं अख्खं दृश्य दोन्ही कार्डांत वेगवेगळं भरलं जातं. म्हणून 12 आणि 12 मिळून 24 होत नाहीत. 12 जीबीत न मावणारं दृश्य दुसरं कार्ड घातलं म्हणून मावत नाही. घरच्या संगणकावर एआयचं भाषा-मॉडेल चालवताना मात्र त्याचे थर दोन कार्डांत वाटता येतात, तिथं ही बेरीज खरोखर कामी येते.

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहिलं तर दुसऱ्या कार्डाला 16 ऐवजी 4 च लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, मिळालेल्या. साध्या मदरबोर्डवर खालचा लांब स्लॉट बरेचदा असाच असतो. विकत घेण्याआधी मॅन्युअल वाचा, स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका. रेंडरमध्ये त्याने फारसं अडलं नाही, कारण दृश्य एकदा आत गेलं की पुढची आकडेमोड कार्डातच चालते.

खरा घोळ विजेचा झाला. पहिलंच मोठं रेंडर सुरू केलं आणि संगणक फटकन बंद! प्रत्येक कार्ड 170 वॅटचं, म्हणजे दोघांचे 340, वर प्रोसेसर, आणि क्षणभराचे झटके त्याहून मोठे. 550 वॅटचा जुना पॉवर सप्लाय टिकला नाही, 850 चा घातला. स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, उरलेले आठ पिनांच्या केबलने येतात. प्रत्येक कार्डाला पॉवर सप्लायपासून स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलचे दोन फाटे नकोत. यूपीएसकडेही बघा. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

रेंडर चालू असताना वरच्या कार्डाला हात जवळ नेऊन बघा. त्याचे पंखे खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढतात. आमच्या कॅबिनेटात मध्ये बोटभरच जागा होती, म्हणून समोर आणखी एक पंखा लावला.