अंगावर रवा की हळद? माशांचे दोन रोग आणि त्यांचे वेगळे उपचार

मासे काचेला, दगडाला अंग घासू लागले की बहुतेक जण एकच निदान करतात: व्हाइट स्पॉट. दुकानात तेवढं सांगितलं की निळ्या औषधाची बाटली हातात पडते. पुष्कळदा निदान बरोबरही निघतं. पण अंग घासणं, पर मिटून तळाशी बसणं, कल्ले भराभर हलवणं ही लक्षणं वेल्व्हेट या दुसऱ्या रोगाचीही आहेत, आणि वेल्व्हेट फार उसंत देत नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे ठिपके मोजता येतात का ते बघणं. व्हाइट स्पॉट, म्हणजेच इक, हा इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय जीवामुळे होतो. तो त्वचेच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथेच पोसला जातो. पुरता वाढलेला जीव १ मिलिमीटरपर्यंत जातो. त्यामुळे ठिपके पांढरे, उठावदार, शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे दिसतात. आज सात, उद्या वीस, असे चक्क मोजता येतात.

वेल्व्हेटमध्ये दाणा दिसतच नाही. हळदीची बारीक पूड उडावी तशी पिवळट, गंजकट झाक अंगावर येते. गोड्या पाण्यात हा रोग पिसिनूडिनियम या परजीवीमुळे होतो, समुद्री टँकमध्ये त्याच्या भाऊबंदामुळे, अमायलूडिनियममुळे. दोन्ही कल्ल्यांवर जोरात हल्ला करतात. म्हणून अंगावर काही दिसण्याआधीच मासा धापा टाकायला लागतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन राहतो.

दिवसा टँकच्या दिव्याखाली ही झाक सहज निसटते. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च माशाच्या पाठीवरून तिरपा धरावा. माझ्या काळ्या मोलीवर दिवसभर निरखूनही काही दिसलं नव्हतं. टॉर्च तिरपा होताच डोक्यामागे पितळी चमक उठली. तोवर मी तीन दिवस व्हाइट स्पॉट समजून फक्त हीटर वाढवण्यात घालवले होते. सहापैकी दोन मोली वाचल्या. ते तीन दिवस अजून सलतात.

आता उपचार. दोन्ही परजीवी माशाच्या अंगावर असताना औषधाला फारसे दाद देत नाहीत. पूर्ण वाढले की ते मासा सोडतात, कवच करून घेतात, आत फुटून शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषधाचा घाव बसतो तो या पोहणाऱ्या अवस्थेवर. त्यामुळे ठिपके गेले की औषध थांबवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ठिपका गळून पडला म्हणजे जीव मेला असं नाही, तो तळाच्या वाळूत वाढायला गेलेला असतो. आठवड्याभरात आधीपेक्षा दाट ठिपके परत येतात.

व्हाइट स्पॉटमध्ये उष्णता आपल्या बाजूने असते. २५ अंशांना त्याचं चक्र साधारण आठवड्याभराचं, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळतं, आणि ३० अंशांच्या आसपास वाढच खुंटते. म्हणून हीटर हळूहळू, काही तासांनी एकेक अंश चढवत ३० वर न्यावा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तिथेच ठेवावा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप चालूच हवा. गोल्डफिशना मात्र एवढी ऊब सोसत नाही. त्यांच्यासाठी मीठ बरं. लिटरला २ ग्रॅम हे माप बहुतेक माशांना चालतं. दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाच्या टँकमध्ये दगडवाळू वगळून सुमारे ४५ लिटर पाणी असतं, म्हणजे ९० ग्रॅम खडे मीठ. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं ओतायचं. कोरिडोरास आणि लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना मीठ झेपत नाही, नाजूक वनस्पतीही मान टाकतात. दुकानातलं मॅलाकाइट ग्रीन हे औषध वापरायचं तर हातमोजे घालून, आणि फिल्टरमधला कोळसा आधी काढून. तो औषध शोषून घेतो.

वेल्व्हेटला नुसत्या उष्णतेवर सोडणं धोक्याचं. इथे पहिलं काम अंधार करण्याचं. गोड्या पाण्यातल्या पिसिनूडिनियममध्ये हरितद्रव्य असतं, उजेडावर तो काही प्रमाणात जगतो. टँकचा दिवा बंद करून बाहेरून जाड चादर गुंडाळावी. अंधाराने तो दुबळा होतो, मरत नाही. मारण्यासाठी तांब्याचं औषध लागतं. ते द्यायचं आजारी माशांच्या वेगळ्या टँकमध्ये, बाटलीवरच्या मापाने आणि कॉपर टेस्ट किट हाताशी ठेवून. कोळंबी आणि गोगलगायी तांब्याने हमखास मरतात, आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात तेच माप माशांनाही विषारी ठरू शकतं. मुख्य टँकमध्ये मासाच उरला नाही तर तिथले परजीवी यजमानाविना उपाशी मरतात, पण त्यासाठी तो काही आठवडे रिकामा ठेवायला हवा.

औषधाला हात लावण्याआधी एक खात्री मात्र करावी. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे कण ओळीने उठतात. तो मासा खातो, पोहतो, कशालाही अंग घासत नाही. त्याला कसलंही औषध नको.

खरा बचाव नव्या माशापासून सुरू होतो. बाजारातून आणलेला मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये. आणि नव्या माशाच्या टँकची जाळी वेगळी असावी, कारण ओल्या जाळीतून दोन्ही परजीवी सहज पलीकडे जातात. एकच जाळी असेल तर वापरल्यावर ती कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावी.