कुत्र्यातील प्लीहोच्छेदन

कुत्र्याची प्लीहा (पाणथरी) शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढणे म्हणजे प्लीहोच्छेदन. प्लीहेतील गाठ, ती फुटून पोटात झालेला रक्तस्राव, प्लीहेच्या देठाला (तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्याला) पडलेला पीळ आणि गंभीर इजा ही याची मुख्य कारणे. गाठ दिसली म्हणजे कर्करोगच असे नव्हे. रक्तगुठळी आणि निरुपद्रवी वाढही अगदी तशीच दिसते.

छेद पोटाच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर, छातीच्या हाडाच्या टोकापासून बेंबीच्या बराच खालपर्यंत घेतात. छेद आखूड ठेवू नये. मोठी गाठ त्यातून ओढताना फुटते. प्लीहा दोन्ही हातांनी अलगद उचलून ओल्या गॉजवर ठेवतात. चिकटलेली वपा (पोटातील अवयवांवरचा चरबीयुक्त पडदा) ओढून न सोडवता बांधून कापतात.

रक्तवाहिन्या बांधण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्लीहेलगतची प्रत्येक वाहिनी वेगळी बांधतात. वेळ लागतो, पण स्वादुपिंड सुरक्षित राहते. दुसरीत प्लीहा-धमनी व शीर, डाव्या जठर-वपा वाहिन्या आणि जठराकडच्या आखूड वाहिन्या एवढेच मुख्य फाटे बांधतात. इथे प्लीहा-धमनी बांधायची ती स्वादुपिंडाच्या डाव्या भागाला जाणाऱ्या शाखांच्या पुढेच; आधी बांधल्यास त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. रचना स्पष्ट दिसत नसेल तर पहिलीच पद्धत योग्य.

धागा विरघळणारा, २-० किंवा ३-० जाडीचा. मोठ्या धमनीला दोन गाठी, त्यांतली दुसरी धमनीच्या भिंतीतून टाका घेऊन. चरबीचा जाड जुडगा एकदम बांधला तर दाबाने चरबी चेपते, फास सैल पडतो आणि धमनी आत सरकते. वाहिनी सीलबंद करणारी उपकरणे साधारण ७ मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्यांना चालतात, मात्र त्या वेळी वाहिनीवर ताण नको. पीळ पडलेला देठ उलगडू नये. साचलेली विषारी द्रव्ये व गुठळ्या रक्तात मिसळतात.

रक्तदाब पूर्ववत झाल्यावर धाग्याची प्रत्येक गाठ पुन्हा पाहूनच पोट शिवावे, कारण कमी दाबात गळती लपते. प्लीहेत गाठ असल्यास यकृताचा नमुनाही घ्यावा.

पहिले २४ ते ४८ तास ईसीजी लावून ठेवतात. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे अवेळी ठोके वारंवार दिसतात. ते वेगवान किंवा सलग होऊन रक्ताभिसरण बिघडवू लागले तर लिडोकेन शिरेतून, किलोमागे २ मिलिग्रॅम सावकाश देतात. रक्तपेशींचे प्रमाण घसरत असेल आणि पोटातून काढलेल्या द्रवातही ते रक्ताइतकेच भरले, तर वाहिनीवरची गाठ सुटल्याचे समजून पोट उघडावे. पुढे सुप्त बॅबेसिया (गोचिडांमार्फत पसरणारा रक्तातील परजीवी) उफाळू शकतो, म्हणून गोचिडांचा बंदोबस्त आयुष्यभर ठेवावा लागतो.