राजकारणासाठी राज्य सोडणारे : अमेरिकेतल्या एका जुन्या प्रकाराची पार्श्वभूमी

अमेरिकेत निवडणूक झाली की हरलेल्या बाजूचे काही लोक "आता या राज्यात राहणं नको" म्हणायला लागतात, हे नेहमीचंच. पण गेल्या काही वर्षांत त्यावर चक्क धंदा उभा राहिलाय. पॉल चॅबट नावाचे एक गृहस्थ कॅलिफोर्नियात काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, निवडणूक दोनदा हरले, मग कुटुंब घेऊन टेक्ससमधे डॅलसच्या उत्तरेला मकिनीला राहायला गेले आणि २०१७ मधे त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह मूव्ह नावाची कंपनी काढली. काम काय, तर निळ्या राज्यात वैतागलेल्या लोकांना लाल राज्यात घर शोधून देणं. (तिकडे लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळे म्हणजे डेमोक्रॅट, आपल्याला लाल म्हटलं की लाल बावटा आठवतो म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आता असे किती लोक खरंच जातात याचं उत्तर सरकारी आकड्यांत शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. २०२२ मधे साधारण ८२ लाख लोकांनी राज्य बदललं, त्यातले लाखभर एकट्या कॅलिफोर्नियातून टेक्ससला गेले आणि चाळीसेक हजार उलटे टेक्ससहून कॅलिफोर्नियात आले, ज्यांच्याबद्दल कोणी बातमी करत नाही. सेन्सस ब्युरो घर का बदललं हेही विचारतं, पण उत्तराचे पर्याय कुटुंब, नोकरी, घर असे, राजकारण हा पर्यायच नाही. आणि असता तरी माणसाने काय टिक केलं असतं? टेक्सस, फ्लोरिडामधे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात वरच्या स्लॅबला १३ टक्क्यांच्या वर, मग टॅक्स वाचवायला गेलेला माणूस पैशासाठी गेला की राजकारणासाठी? त्यालाही धड सांगता येणार नाही.

मागे वळून बघितलं की चित्र जरा स्पष्ट होतं. अगदी सुरुवातीपासून हे चालू आहे. मॅसॅच्युसेट्सच्या धर्मकारभाऱ्यांशी पटेना म्हणून रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं तर त्याने १६३६ मधे प्रॉव्हिडन्स वसवलं, तेच पुढे ऱ्होड आयलंड. मॉर्मन या नव्या पंथाच्या लोकांच्या वाट्याला याहून भयंकर आलं. १८३८ मधे मिझुरीचा गव्हर्नर बॉग्ज याने लेखी हुकूम काढला की यांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा. त्यामागच्या कारणांत त्यांची एकगठ्ठा मतंही होती, ती कोणत्या बाजूला पडतील याची बाकीच्यांना धास्ती. ते इलिनॉयला गेले, तिथे १८४४ मधे जमावाने पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला तुरुंगात घुसून मारलं, आणि मग १८४७ मधे ते थेट सॉल्ट लेकला, जो भाग तेव्हा अमेरिकेत नव्हताच, मेक्सिकोचा होता. मिझुरीने तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला १९७६ साली!

पण "मतं जिंकायला राहायला जा" हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला कॅन्ससमधे. १८५४ च्या कायद्याने असं ठरलं की कॅन्ससमधे गुलामगिरी असावी की नाही हे तिथे राहणारेच ठरवतील. झालं, दोन्ही बाजूंच्या लक्षात आलं की जो जास्त माणसं पाठवेल तो जिंकेल. मॅसॅच्युसेट्समधे ईलाय थेअर याने न्यू इंग्लंड एमिग्रंट एड कंपनी काढली, गुलामगिरीविरोधी लोकांना स्वस्तात तिकडे पोचवायला, कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव याच कंपनीचं आणि नावही कंपनीला पैसा पुरवणाऱ्या एमस लॉरेन्सचं. पण शेजारच्या मिझुरीतल्या गुलामगिरी समर्थकांनी त्याहून सोपा मार्ग काढला, राहायला जायचं कशाला, नदी ओलांडून जायचं, मत टाकायचं आणि घरी परत. मार्च १८५५ च्या निवडणुकीत नोंदलेले मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७. पुढे बंदुका आल्या, १८५६ मधे लॉरेन्स लुटलं गेलं, गुलामगिरीविरोधी जॉन ब्राऊनने त्याचा बदला म्हणून माणसं कापली, आणि कॅन्सस १८६१ मधे गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून युनियनमधे आलं. गंमत अशी की कंपनीने नेलेले लोक फार थोडे, एकदोन हजारांच्या घरातले, बाकी बहुतेक जण ओहायो, इलिनॉय वगैरे भागातून आले ते जमीन मिळते म्हणून. म्हणजे १८५४ मधेही राजकारण आणि जमीन वेगळी काढता येत नव्हती.

याच कॅन्ससकडे १८७९ मधे दक्षिणेतले हजारो कृष्णवर्णीय निघाले. यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य १८७७ मधे मागे घेतलं गेलं, गोऱ्यांची जुनी सत्ता परत आली, मतदान करणाऱ्यावर गोळ्या झाडल्या जायला लागल्या, तेव्हा मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसीतून लोक मिळेल त्या बोटीने निघाले. त्यांना एक्सोडस्टर म्हणत. आणि १९१० ते १९७० मधे तर साधारण ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला गेले. शाळेच्या पुस्तकांत याचं कारण कारखान्यातली नोकरी असं देतात आणि ते खोटं नाही, पहिल्या महायुद्धात युरोपातून मजूर येणं बंद झालं, इकडे कापसावर किडीने घाला घातला, पगार तिप्पट वगैरे. पण ज्या राज्यात मत नाही, कोर्टात न्याय नाही आणि जमावाने कोणालाही झाडाला टांगलं तरी पोलीस बघत उभे, ते राज्य सोडणं हे राजकीय नाही तर काय आहे? दक्षिणेतल्या सत्ताधाऱ्यांना ते बरोबर कळत होतं. जॉर्जियातल्या मेकन शहराने उत्तरेच्या कारखान्यांसाठी मजूर भरती करणाऱ्या एजंटला २५,००० डॉलरचं लायसन्स लावलं, वर दहा पाद्री, दहा कारखानदार आणि पंचवीस व्यापाऱ्यांची शिफारस आणा म्हणे. शिकागो डिफेंडर हा कृष्णवर्णीयांचा पेपर विकणं काही गावांत धोक्याचं झालं कारण त्यात उत्तरेला या असं छापून यायचं.

आणि या लोकांनी जाताना कोणतंही राज्य "जिंकायचं" ठरवलं नव्हतं, तरी सगळ्यात मोठा राजकीय फरक त्यांनीच पाडला. दक्षिणेतला त्या काळातला शेवटचा कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य जॉर्ज व्हाइट १९०१ मधे बाहेर पडला, त्यानंतर सत्तावीस वर्षं एकही निवडून आला नाही, १९२८ मधे ऑस्कर डी प्रीस्ट जिंकला तो शिकागोतून. तो मूळचा अलाबामाचा.

ठरवून राज्य जिंकायला निघालेल्यांची गोष्ट मात्र बरीचशी विनोदी आहे. १९७१ मधे येल लॉ स्कूलच्या नियतकालिकात जेम्स ब्लमस्टीन आणि जेम्स फेलन यांनी कल्पना मांडली की पर्यायी जीवनपद्धती हवी असलेल्या तरुणांनी एखाद्या कमी लोकवस्तीच्या राज्यात मोठ्या संख्येने राहायला जावं आणि मतपेटीतून ते राज्य ताब्यात घ्यावं. पुढच्या वर्षी प्लेबॉय मासिकाने हीच कल्पना व्हरमाँटला लावून छापली आणि तिथल्या लोकांची झोप उडाली. दरम्यान ब्लमस्टीन स्वतः प्रोफेसर म्हणून टेनेसीला गेले, तिथे मतदार नोंदणी करायला गेले तर सांगितलं की राज्यात एक वर्ष राहा मग या. त्यांनी केस केली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७२ मधे ते जिंकले, एवढी लांब मुदत घटनाबाह्य ठरली. म्हणजे राज्य बदलून मत टाकायची आयडिया मांडणाऱ्यानेच त्यातला मुख्य कायदेशीर अडथळा दूर केला, पण एकटाच गेला होता, नोकरीसाठी.

व्हरमाँटला हजारो हिप्पी तसेही आलेच, योजना वगैरे न करता, शेती करायला, स्वस्त जमीन बघून. ब्रुकलिनचे बर्नी सँडर्स (पुढे सिनेटर झाले तेच) १९६८ मधे तिकडे राहायला गेले आणि १९८१ मधे बर्लिंग्टनचे मेयर झाले. जे राज्य १८५६ पासून १९६० पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनला मत देत आलं होतं ते १९९२ पासून सलग डेमोक्रॅट आहे. हिप्पींमुळेच झालं असं नाही, पण त्यांचा हातभार लागला.

यातलं सगळ्यात काळं प्रकरण आपल्याला चांगलंच माहीत आहे. पुण्यातून उठून १९८१ मधे रजनीश यांचे लोक ओरेगॉनमधे ६४,००० एकराच्या रँचवर गेले. शेजारच्या अँटलोप या इवल्याशा गावात घरं घेऊन त्यांनी तिथलं कौन्सिल जिंकलं, मग नजर गेली वास्को काउंटीवर, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. १९८४ च्या निवडणुकीआधी देशभरातल्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसने आणली, मतदार करायला. काउंटीने नोंदणीच थांबवली. त्याच सुमारास द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमधे साल्मोनेलाचे जंतू मिसळले गेले, ७५१ लोक आजारी पडले, हेतू हा की तिथल्या मतदारांनी निवडणुकीच्या दिवशी घराबाहेरच पडू नये.

आणि २००१ मधे पुन्हा येल, पाण्यातच काहीतरी असावं! तिथे पीएचडी करणाऱ्या जेसन सोरेन्सने सुचवलं की सरकार कमीत कमी हवं असं मानणाऱ्या २०,००० लोकांनी एका छोट्या राज्यात जायचं. हा फ्री स्टेट प्रोजेक्ट. २००३ मधे मतदानाने न्यू हॅम्पशायर ठरलं. हुशारीची निवड, कारण चौदा लाख लोकांच्या राज्यात हाउसचे, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाचे, ४०० सदस्य, म्हणजे साडेतीन हजार लोकांमागे एक, पगार वर्षाला १०० डॉलर, त्यामुळे उभं राहायला फारसं कोणी तयार नसतं. वीस हजार सह्या पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं आणि प्रत्यक्ष राहायला गेले त्यातले काही हजारच, सही करणं वेगळं आणि घर विकून बर्फात जाणं वेगळं. पण तेवढ्यांतूनही कितीतरी जण आमदार झाले, हाउसमधे रिपब्लिकन मेजॉरिटी लीडर झालेले जेसन ऑस्बोर्न त्याचसाठी तिथे आलेले.

मग सामान्य माणसाचं काय? पत्रकार बिल बिशप आणि समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशिंग यांनी दाखवलं की १९७६ मधे साधारण २७ टक्के मतदार एकतर्फी काउंटीत राहत होते, म्हणजे जिथे २० टक्क्यांहून जास्त फरकाने निकाल लागतो अशा, आणि २००४ मधे ४८ टक्के. त्यावरून लोक आपापल्या कळपात राहायला जातायत असा समज पसरला. अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका घेतल्या. विचारलं तर लोक सांगतात की शेजारी आपल्या विचाराचे आवडतील, पण घर घेताना किंमत, शाळा आणि गुन्हेगारी बघतात. शिवाय वेस्ट व्हर्जिनियासारखं राज्य १९९६ पर्यंत डेमोक्रॅट होतं आणि आता कट्टर रिपब्लिकन आहे, तिथे बाहेरून कोणी लोंढे आले नाहीत, राहणारेच बदलले. मला हे जास्त पटतं. तरी टेक्ससच्या २०१८ च्या सिनेट निवडणुकीचा एक्झिट पोल विसरू नका. कॅलिफोर्नियावाले येऊन टेक्सस निळं करतील अशी भीती होती, आणि निघालं असं की जन्माने टेक्ससचे मतदार थोडे डेमोक्रॅट बीटो ओरोर्ककडे झुकलेले आणि रिपब्लिकन टेड क्रूझला तारलं बाहेरून आलेल्यांनी, ५७ विरुद्ध ४२.

२०२२ च्या जूनमधे सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क राज्यांवर सोडला आणि तिथून गोष्ट परत जुन्या वळणावर आलीय असं मला वाटतं, म्हणजे आवडनिवड नाही तर कायदाच अंगावर येणं. उत्तर आयडाहोमधलं सँडपॉइंट बघा. २०११ पासून जेम्स वेस्ली रॉल्स यांनी अमेरिकन रिडाउट म्हणून जो पट्टा सांगितला, कट्टर धार्मिक उजव्यांनी आयडाहो, माँटाना, वायोमिंगकडे येऊन राहावं असा, त्याच्या मधोमध हे गाव. लोक तिथे राजकारण बघून येतायत. आणि त्याच गावातल्या बॉनर जनरल हॉस्पिटलने मार्च २०२३ मधे बाळंतपणाचा विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं, दिलेल्या कारणांत राज्यातलं कायदेशीर आणि राजकीय वातावरण हेही होतं, डॉक्टर सोडून जातायत म्हणून. आता बाळंतपणाला चाळीसेक मैल कोर-द-लेनला जायचं. ट्रान्स मुलांचे आईबाप टेक्सससारखी राज्यं सोडून जातायत तेही याच प्रकारात, मिनेसोटाने तर २०२३ मधे त्यांना संरक्षण देणारा वेगळा कायदा केला. संख्या लहान आहे, ८२ लाखांत दिसणारही नाही.

पूर्व ओरेगॉनमधल्या लोकांना मात्र हलायचंच नाहीये. डेमोक्रॅटांच्या पोर्टलंड शहराची सत्ता नको, पण रँच आणि घर सोडून आयडाहोला तरी का जायचं, त्यापेक्षा सीमाच सरकवा, असं ग्रेटर आयडाहो चळवळीचं म्हणणं आहे आणि २०२४ पर्यंत १३ काउंट्यांनी त्या बाजूने कौल दिलाय. आयडाहोच्या हाउसने २०२३ मधे बोलणी करायला हरकत नाही असा ठराव केला, ओरेगॉनची विधानसभा ढिम्म. त्यासाठी दोन्ही राज्यांची आणि काँग्रेसची मंजुरी लागते. एका राज्याचा एवढा मोठा तुकडा तोडण्याचा प्रकार शेवटचा झाला १८६३ मधे, व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया निघालं तेव्हा, आणि तेव्हा यादवी युद्ध चालू होतं.